भिंतीचं बाळ

कान तपासायच्या विभागात तिला सगळे ‘भिंत’ म्हणत, आणि या नावाचा तिला कोण अभिमान! अभिमान वाटावा असंच होतं ते. त्या कामात चेहरा म्हणजे वैरी. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गादी ठोकलेली ती लहानशी खोली. आई मुलाला मांडीवर घेऊन बसते, बाजूच्या स्पीकरमधून बारीक आवाज सोडतात, आणि मूल आवाजाकडे वळलं की कोपऱ्यातल्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागून एक खेळण्यातलं अस्वल ढोल बडवायला लागतं. आता मूल आवाज ऐकून वळलं, की समोरच्या बाईची भुवई हलली म्हणून वळलं, हे कळायचं कसं? समोरचीने भुवई हलवायचीच नाही. इतरांचं काही ना काही हलायचंच. हिचं नाही. मुलाची नजर समोर राहावी म्हणून चिंधीची बाहुली हातात घेऊन ती स्टुलावर बसली की महालबाड पोरांनाही ताकास तूर लागू द्यायची नाही. मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आयांनाही ती तेच बजावायची: हलायचं नाही, हसायचं नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.

मग तिला स्वतःचं मूल झालं.

जन्मल्याबरोबर सगळ्यांची करतात ती कानांची तपासणी त्याचीही झाली आणि त्यात तो छान पास झाला. दुसरी एखादी असती तर निवांत झाली असती. पण चांगले असलेले कान पुढे बिघडू शकतात हे हिला ठाऊक, आणि ठाऊक असलेल्या माणसाचं सुखाने कधी पोट भरत नाही. एकदा स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण दणकन पडलं आणि पोराने मान वळवली नाही. दूध पिऊन सुस्तावला होता बिचारा, दुसरं काही नाही. पण हिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या दिवसापासून घराचा दवाखाना झाला. कामावरून आली की चपला काढायच्या, हात धुवायचे आणि चहाला हात लावायच्या आत खुळखुळा घेऊन पाळण्यामागे उभं राहायचं. खुळखुळा झाला की चमचा, चमचा झाला की चुरगळलेला कागद. मग पाळण्यासमोर बसायचं, कामावर बसते तसं, मख्ख, आणि पाठीमागे धरलेल्या किल्ल्या वाजवायच्या. तिला बघून पोरगा आधी तोंडभर हसायचा. ती हसायची नाही. हसली तर परीक्षा फुकट. मग तो हातपाय झाडायचा, आ करून तिला काहीतरी सुनावायचा आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे बघायचा. ती तशीच. शेवटी तो तोंड फिरवून खिडकीच्या गजांकडे बघत बसायचा, आणि हिच्या मनात यायचं: बघा, किल्ल्या वाजतायत आणि याला पत्ता नाही.

झोपलेल्या मुलाचे कान तपासायचं एक यंत्र होतं, पण हे चिरंजीव दवाखान्याच्या दारात आले रे आले की टक्क जागे. दोनदा नेलं, दोनदा तसंच परत आणलं. अस्वलाच्या खोलीत बसायला मान आणि पाठ धरायला हवी, म्हणजे तोवर वाट बघणं आलं. आणि वाट बघणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. ती घरभर फिरायची, पडदे सरळ करायची, भांडी पुसून पुन्हा पुसायची, आणि मधेच टाळी वाजवून पाळण्याकडे बघायची. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, माझ्या बसचा हॉर्न ऐकून खिडकीत कडेवर उड्या मारतो की तो. ही म्हणाली, बस दिसते म्हणून मारतो.

दिवसा पोराला सांभाळायच्या सासूबाई. त्या घरीच लोकांचे कपडे शिवायच्या. मशिनशेजारी चटईवर पोरगा आणि चिंध्यांचा ढीग. त्या त्याला ‘गठुडं’ म्हणायच्या, आणि गठुडं माझ्याशी दिवसभर गप्पा मारतं असं त्यांचं म्हणणं. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं. तोंड बघून कुठलंही मूल गप्पा मारेल, त्यात कानाचा काय संबंध? अशा कितीतरी आया तिने बघितल्या होत्या. आमच्या बाळाला सगळं कळतं म्हणत यायच्या, आणि बाळ बिचारं निव्वळ त्यांचे डोळे वाचत असायचं.

एका संध्याकाळी तिने सासूबाईंना सांगूनच टाकलं.

“आई, हात जोडते, त्याच्यासमोर तोंडं करत जाऊ नका. तुमच्या तोंडामुळे मला काही कळतच नाही.”

ओठांत टाचण्या धरलेल्या सासूबाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं.

पुढे पुढे एक नवीनच दुखणं उपटलं. पोरगा तिच्याकडे बघून हसायचाच थांबला. दूधवाल्याला हसायचा, जिन्यातल्या मांजराला हसायचा. ही आली की गंभीर व्हायचा, साहेब आल्यासारखा. तिला रडू यायचं. कान तर गेलेच, वर मी याची कुणी लागत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. पण रडलेलं तोंड त्याला दिसू नये म्हणून ती ते पुसून पुन्हा कोरं करायची.

पोरगा पाठ धरून बसायला लागला त्याच आठवड्यात ती त्याला घेऊन कामावर गेली. विभागातल्या थोरल्या मॅडम काचेपलीकडे यंत्रापाशी बसल्या. आज मांडीवर मूल घेऊन बसायची पाळी हिची. पण चेहरा तोच, असा की थोरल्या मॅडमनासुद्धा त्याच्यात काही वाचता आलं नसतं. नजर समोर, काचेवर.

डावीकडून बारीक आवाज आला. पोराची मान वळली. अस्वलाने ढोल बडवला. उजवीकडून आला, त्याहून बारीक. मान वळली. मग आणखी बारीक, मग कुजबुजल्यासारखा, आणि प्रत्येक वेळी मान वळली. तिला ते मांडीला जाणवत होतं. तरी ती हलली नाही. नियम तो नियम.

आवाज थांबले. थोरल्या मॅडम आत आल्या आणि समोरच्या, बाहुली घेऊन बसायच्या स्टुलावर बसल्या.

“कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत. आता सांग, अस्वल बघून झाल्यावर तो काय करत होता?”

 तिने बघितलंच नव्हतं.

“मान वर करून तुझं तोंड बघत होता. दर वेळी. तू पण ऐकलंस ना, असं विचारत होता. एकदा तर तुझी हनुवटी धरली. मग त्याने विचारायचं सोडून दिलं.” थोरल्या मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. “अगं, एवढ्याशा पोरांचं डोकं याच्यातूनच तर घडतं. त्याने काही करायचं, समोरच्याने उत्तर द्यायचं. तुझ्याकडून उत्तर येत नाही म्हणून तो तुला विचारत नाही. घरी काय करतेस तू?”

खुळखुळा, चमचा, किल्ल्या. सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तो हसायचा, हात झाडायचा, ओरडायचा, आणि ती इतके दिवस त्याला नापास करत बसली होती. तिला वाटलं, हे तोंड काढून कुठेतरी टाकून द्यावं.

थोरल्या मॅडम पलीकडे गेल्या आणि पुन्हा आवाज सोडला. पोराने अस्वल बघितलं, वर बघितलं नाही. पुन्हा आवाज, पुन्हा अस्वल. तो आपला बोटं चोखत बसला. आता ती वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होती, जशा त्या खोलीत आजवर सगळ्या आया बघत आल्या होत्या. तिसऱ्या आवाजाला तिच्याच्याने राहवेना.

“ऐकलं रे,” ती म्हणाली. “मी पण ऐकलं.”

त्याने वर बघितलं. हसला नाही. तिच्या तोंडावर हसू आणि रडू एकदमच आलं होतं, आणि नाकही गळत होतं. ते सगळं त्याने कपाळाला आठ्या घालून नीट तपासलं आणि तिच्या ओल्या गालावर पंजा मारला.

संध्याकाळी तिने सासूबाईंना मशीन थांबवायला लावून सगळं सांगितलं. तोंडं करायला आजपासून परवानगी, असंही म्हणाली. सासूबाई दोऱ्याचा गुंता सोडवत राहिल्या.

“रागावू नकोस, पण मी बंद केलीच कुठे होती? तू जिना उतरलीस की आमचा दंगा सुरू.”

एरवी तिच्या अंगाचा तिळपापड झाला असता. आज आधी तिला हेवा वाटला, मग या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. पोराला घेऊन ती चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसली.

“मला दाखवा ना आई. तुम्ही नेमकं काय करता?”

“मी कुठे काय करते? आधी तो करतो. मग मी करते.”

तिने त्याला समोर उभं धरलं आणि वाट बघत राहिली. उठून पडदा सरळ करावा असं तिला एकदा वाटलं, पण ती उठली नाही. पोरगा बराच वेळ तिला न्याहाळत राहिला. मग त्याने हळूच, जरा भीत भीत, जीभ बाहेर काढली.

तिनेही काढली.