पहिला प्रश्न त्यांचा

मार्लिस ब्रेक्केला ऑनर्स कॉलेजची डीन केलं, तेव्हा आमच्या विद्यापीठाला वाटलं की चला, आता तरी ही बाई खुर्चीत बसेल. ती कसली बसते! ऑनर्स म्हणजे विद्यापीठातली निवडक हुशार पोरं. त्यांना ग्रंथालयात कोंडून जाडजूड प्रबंध लिहून घ्यायचे, असा रिवाज होता. मार्लिसनं त्यांना बाहेर हाकललं. कुणी वृद्धाश्रमात, कुणी धान्याच्या कोठारावर, कुणी हंगामात साखरेच्या बीटच्या ट्रकांच्या रांगेत. मी तिची सेक्रेटरी, त्यामुळे आईबापांचे फोन माझ्याच कानावर आदळायचे.

"आमची मुलगी वकील व्हायला आलीय, बीट उचलायला नाही!"

मी मुकाट्यानं फोन तिच्या हातात द्यायची. ती म्हणायची, "उद्या बीटवाल्यांचेच खटले लढवेल की. आधीपासून ओळख असलेली बरी."

तिचा एक नियम मात्र भल्याभल्यांच्या डोक्यात जायचा. प्रबंध ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्या दारात जाऊन त्यांच्यासमोर वाचायचा. पहिला प्रश्न त्यांनी विचारायचा, प्राध्यापकांनी नंतर. हीच परीक्षा. आता रेड नदीच्या खोऱ्यातली आम्ही मूळची नॉर्वेकडची माणसं तोंडावर कुणाला काही बोलत नाही. फार तर "वेगळंच आहे हं" म्हणून कॉफी ओतून घेतो. अशा माणसांना प्रश्न विचारायला लावणारी ही बाई. वर्षानुवर्षं तिनं ते करून घेतलं, आणि मला तिचा भयंकर अभिमान वाटायचा.

मग डेल्फिना कांतूचा प्रबंध आला. तिच्या आईचं कुटुंब टेक्सासहून दर उन्हाळ्यात आमच्याकडे बीट खुरपायला यायचं. मालक त्यांना कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत ठेवायचे. डेल्फिनानं गावोगाव फिरून त्या वेळच्या माणसांना बोलतं केलं आणि चार शेतं नावानिशी लिहिली. चौथं ब्रेक्के. मार्लिसच्या बापाचं.

उपकुलगुरू केंट लोरिंग स्वतः आमच्या ऑफिसात उतरले. बाकीच्या तीन शेतमालकांपैकी एकाच्या घराण्याच्या देणगीतून नवी इमारत उभी राहायची होती.

"नावं काढा आणि परीक्षा इथेच उरका, दार लावून," ते म्हणाले. "नाहीतर तुम्हाला डीन ठेवणं मला जमणार नाही. अहो, तुमच्याच घराची अब्रू वाचवतोय मी."

"माझ्या घराची अब्रू तुमच्याकडे कधी दिली होती सांभाळायला?" मार्लिस म्हणाली. "खुर्ची हवी तर आत्ताच घेऊन जा. जरा डुगडुगते, पायाखाली कागद घाला."

मी खाली मान घालून टंकत राहिले, काय टंकलं देव जाणे.

परीक्षा ब्रेक्केंच्याच शेतावर ठरली, यंत्रांच्या शेडमध्ये. शेतात निम्मा वाटा मार्लिसचा, म्हणून शेत कसणाऱ्या धाकट्या भावाला, ड्वेनला, नाही म्हणता आलं नाही. एका बाजूला आमचे लोक भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन, दुसऱ्या बाजूला कांतू मंडळी मक्याच्या पानांत वाफवलेले तमाले घेऊन. मधे ट्रॅक्टर. लोरिंग दाराशीच उभे होते.

डेल्फिना वाचायला लागली. तीन शेतं झाली. मग ती अडखळली, मार्लिसकडे बघून म्हणाली, "आणि... चौथ्या एका शेतावर..."

"त्याला नाव आहे," मार्लिस बसल्या जागेवरून म्हणाली.

"मॅडम, ते..."

"माझ्यावर दया करायला तुला कुणी सांगितलं? वाच."

तिनं वाचलं. ड्वेन ताडकन उठला. "मेलेल्या बापाला चव्हाट्यावर आणलंस, मार्लिस! कशासाठी? ती खुराडी पाडून जमाना झाला!"

"बस खाली, ड्वेन. तुला पण प्रश्न विचारता येईल. पण आधी त्यांना."

तो बसला नाही. ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला, पण गेलाही नाही.

वाचन संपलं. मग डेल्फिनाची आई, ओरालिया, उठली. मार्लिसच्याच वयाची. लेकीकडे तिनं पाहिलंही नाही. ती मार्लिससमोर जाऊन उभी राहिली.

"दुपारी आमचा नळ बंद व्हायचा," ती म्हणाली. "ऐन उन्हात, आम्ही शेतातून आलो की. कोण बंद करायचं?"

हे प्रबंधात कुठेच नव्हतं. लोरिंग पुढे आले. "हे बघा, हा काही विद्यार्थिनीला विचारायचा प्रश्न नाही. आपण इथेच थांबू या."

"थांबायचं नाही," मार्लिस म्हणाली. ती उभी राहिली. तिचा आवाज वर्गातलाच होता. "मी. मी बंद करायची. गुरांना पाणी कमी पडतं म्हणून बाबांनी सांगितलेलं, आणि मी बारा वर्षांची होते. तुम्ही बादली घेऊन उभ्या असायचात. मला दिसायचं. तरी मी करायची."

ओरालियानं मान हलवली. माफ केलं नाही. फक्त इतकंच, की तिला जे माहीत होतं ते दुसऱ्या तोंडून एकदा आलं.

मार्लिस डेल्फिनाकडे वळली. पोरगी रडत होती.

"रडून झालं की पेन घे," मार्लिस म्हणाली. "हे तुझ्या प्रबंधात नाही. माझ्या नावासकट घाल. त्याशिवाय पास करायची नाही मी तुला."

"मॅडम, सोमवारी तुम्ही डीन नसाल," लोरिंग परत दाराकडे जात म्हणाले.

"म्हणून तर आज शनिवारी घेतेय परीक्षा," मार्लिस म्हणाली. "हं, लिही."