यात्रा म्हटलं म्हणून

बी. ए.ची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात माझं बूड कुठंच टेकत नव्हतं. जुलैपासून मला बाबांच्या कचेरीत कारकून म्हणून लागायचं होतं. बाबांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं, साहेब हो म्हणाले होते, आणि घरात सगळे खूश होते. "एकदा चिकटला का मंग पेन्शनलेच सुटते," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते अभिमानानं सांगत आणि मी तिथून उठून जाई. मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात जन्मलो, बालाघाटात शिकलो, आता बालाघाटातच म्हातारा होणार. मधे उरला होता एक उन्हाळा.

माझा एक मित्र होता, लालबर्ऱ्याच्या राईस मिलवाल्याचा मुलगा. हिंदीभाषक, माझ्याइतकाच चुळबुळ्या. संध्याकाळी आम्ही स्टेशनवर जाऊन बसायचो, छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाड्या पाहायचो आणि तिकीटबाबूकडून टाइमटेबल मागून घ्यायचो. जबलपूर, अलाहाबाद, बनारस, तिथून लखनौ, आग्रा, ग्वाल्हेर आणि परत. खिशात फारसं काही नव्हतं, म्हणून हिशेब सोपा ठेवला. दिवसा शहर पाहायचं, रात्री पॅसेंजरमध्ये झोपायचं, म्हणजे राहण्याचा खर्च नाही. जेवायला सातूचं पीठ आणि गूळ. सामान एकेका पिट्टूत, पाठीवर. पिट्टू मित्रानं कॉलेजातल्या एनसीसीवाल्यांकडून आणले होते. एकाचा पट्टा तुटका होता, तो अर्थातच माझ्या वाट्याला आला.

घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तिथंच मी माती खाल्ली. आमची मराठी उंबरठ्याच्या आतली. शाळा, बाजार, दोस्ती सगळं हिंदीत. सहा स्टेशनांची नावं दिवसरात्र हिंदीत घोकलेली, त्यामुळं जेवताना तोंडातून निघालं, "बाबा, आम्ही यात्रेले जाऊन राह्यलो."

बाबा नाही म्हणायला तोंड उघडून बसले होते. ते मिटलं. हिंदीत माणूस गोंदियाला गेला तरी ती यात्रा असते. आमच्या घरात यात्रा म्हणजे फक्त देवाची.

"कोठी?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"जबलपूर, अलाहाबाद, बनारस..."

आईनं हात जोडले. मी चूक दुरुस्त करणार, एवढ्यात चुलीपाशी बसलेली आत्या मोठ्यानं म्हणाली, "काशीयात्राच ते! पोराले बुद्धी झाली. मीबी येतो याच्यासंगं."

आत्या बाबांची थोरली बहीण. लांजीला दिलेली, तरुणपणीच विधवा झालेली, तेव्हापासून आमच्याकडे. ती कधी काही मागत नसे. ती यात्रेला निघाली म्हटल्यावर तिला नको म्हणणार कोण?

पुढचे चार दिवस मी नुसता धुमसत होतो. शेजारणी गंगाजलासाठी तांब्या देऊन जात. बाबांनी धर्मशाळांचे पत्ते मिळवले. मग ते टाइमटेबल घेऊन बसले आणि लखनौ, आग्रा, ग्वाल्हेर कापून टाकलं. मी आग्र्यासाठी भांडलो, तर म्हणाले, "ताजमहालात कोणता देव हाये?" मित्राला सांगितलं तर तो उसळलाच. "हम घूमने जा रहे थे यार! अब बुआजी को गंगा नहलाएँगे?" त्यानं पिट्टू परत मागितला आणि तरातरा निघून गेला.

राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हा उन्हाळा गेला की पुन्हा असा मिळणार नव्हता. दुपारी घरात येरझारा घालून घालून शेवटी मी ठरवलं, आत्याला स्पष्ट सांगायचं. मी येत नाही, तू कोणाबरोबरही जा.

ती मागच्या अंगणात बसली होती. मांडीवर माझा पिट्टू होता आणि ती तुटका पट्टा दाभणानं शिवत होती.

"आत्या, मले यात्रेले नाई जायचं."

"मले तरी कोठी जायचं हाये?" वर न बघता ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"तू घुमायले चालला, हे मले पह्यल्याच दिवशी समजलं. बाजारातून येताना तुमचं दोघाईचं बोलणं ऐकलं होतं म्या. लखनौ अन् आग्रा. तुह्या तोंडून यात्रा निघालं अन् तुह्या बापाचा चेहरा पालटला. म्हणून म्या वरून काशी काशी केलं."

"मग तू काहून मागं लागली?"

तिनं दाभण थांबवलं. "विधवा बाईले घुमायले कोण जाऊ देते? माह्यासाठी तो एकच शब्द हाये रे. लांजीहून इथं आली, तेवढीच काय ते गाडी पाह्यली म्या." मग दात लावून दोरा तोडला. "बनारसात पह्यले तांबे भरून घेऊ. मंग पुढं आग्र्याले गेलो का कोठी गेलो, कोण पाह्यते? अन् धर्मशाळा कायले? रात्री गाडीतच झोपायचं, असंच म्हणे न तू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. तसाच पिट्टू उचलून मित्राकडे धावलो.

निघालो त्या दिवशी अर्धी गल्ली स्टेशनवर आली होती. बायका आत्याच्या पाया पडत होत्या आणि ती डोक्यावर पदर घेऊन, ओठ मिटून, गंभीरपणे आशीर्वाद देत होती. मित्र पाठीवर पिट्टू लावून, हसू दाबत दुसरीकडे बघत उभा होता. गाडी सुटली. शेवटचा सिग्नल मागं पडला तसा तिनं पदर खांद्यावर टाकला आणि अर्धी खिडकीबाहेर झाली. वाऱ्यानं तिचे पांढरे केस उडत होते.

"आत्या, आत हो. कोळसा जाईल डोळ्यात."

"जाऊ दे," ती बाहेर बघतच म्हणाली. "तुही कचेरी जुलैत लागते. माही लग्न झालं तवापासून लागली हाये. सुट्टी आज भेटली."