कोपऱ्यातलं लिंबाचं पान

दोन माणसं सोडून हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि त्या दोघींनाही गेल्या आठ-दहा दिवसांतच सांगितलं. नवऱ्याला आज संध्याकाळी सांगणार आहे. त्याच्याआधी तुमच्यापाशी बोलते — कारण मला माझी सवय माहीत आहे. मी ऐन वेळी शब्द गिळते. एकदा पुरतं बोलून झालं की मग मागे फिरता येणार नाही.

परभणीत माझे केकचे वर्ग चालतात. साधे केक सगळेच करतात. माझ्या केकवर क्रीमच्या बारीक बारीक फुल्या असतात, भरतकाम केल्यासारख्या. लोकांना तेच आवडतं. मध्यंतरी एक मुलगी मोबाईल घेऊन आली, म्हणाली, मॅडम, तुमच्या प्रेरणा सांगा. मी सांगितल्या की! म्हटलं, वाचनालयातली पुस्तकं — लहानपणी मी जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेवत नव्हते. म्हटलं, माझी आत्या — ती पातेल्यात वाळू तापवून त्यात नानकटाई भाजायची. आणि मग हॉलमधल्या भिंतीकडे हात केला. तिथे काचेच्या चौकटीत एक मोर आहे, मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेला. म्हटलं, आणि हा — माझ्या रुखवतातला. चारठाण्याच्या देवळावरची नक्षी बघून काढला होता मी.

पुस्तकं खरी. आत्याची नानकटाईही खरी.

चारठाण्याला मी पहिल्यांदा गेले ती लग्नानंतर, नवऱ्याबरोबर. मग देवळाची गोष्ट आली कुठून? कुणीतरी कधीतरी विचारलं, नक्षी कुठून घेतली, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. पुढे मीच त्यात भर घालत गेले — कुठला खांब, कोणती बाजू, उन्हं कशी पडली होती. इतक्या वेळा सांगितलं की मला तो खांब दिसायला लागला.

मोर आक्काने भरला. माझी थोरली बहीण, विमल.

आमचं माहेर सोनपेठचं. शेतातून गोदावरीच्या अंगाला गेलं की मोर दिसायचे. आक्का नुसती बघत बसायची, आणि घरी येऊन चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने घरं भरायची. मग मॅटी. अभ्रे, रुमाल, तोरण, आणि शेवटी हा मोर. सगळं ट्रंकेत, तिच्या स्वतःच्या रुखवतासाठी. प्रत्येक कापडाच्या उजव्या कोपऱ्यात ती एक छोटंसं लिंबाचं पान काढायची. दारात लिंबाचं झाड होतं आमच्या. मी एकदा चिडवलं होतं, पान कशाला गं, तिकिटासारखं चिकटवतेस? ती म्हणाली, "माझं हाय, म्हून." बस्स, एवढंच.

आणि माझंच लग्न आधी ठरलं. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. स्थळ चांगलं होतं, त्यांना घाई होती, आमचे वडील, नाना, म्हणाले थोरलीचं बघू. पण माझ्या रुखवताचं काय? मी तर पुस्तकात तोंड घालून बसलेली, मला सुईत दोरा ओवायचासुद्धा कंटाळा. आईने आक्काची ट्रंक उघडली. आक्का म्हणाली, "न्यायला लाव तिला. माझं परत व्हईल." ती हे मनापासून म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली. म्हणजे बघा, मला चोरी करायची गरजच नव्हती. मी मांडवात एवढंच म्हणायला हवं होतं — माझ्या बहिणीने केलंय. कितीतरी मुलींच्या रुखवतात बहिणींचा, मामींचा हात असतो. कोण नाव ठेवतं?

पण मला कौतुक हवं होतं. शिकलेल्या घरात चालले होते, आणि तिथे सगळ्यांनी म्हणावं, पोरगी वाचते पण आणि भरते पण — एवढा मोह झाला मला. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कात्री आणि सुई घेतली आणि ट्रंकेपाशी बसून एकेक पान उसवलं.

मॅटीचं एक असतं, माहीत आहे? साध्या कापडावरचा टाका उसवला की भोकं राहतात. मॅटीची वीणच भोकाभोकांची. दोरा निघाला की कापड जसं होतं तसं. कुणाला काही कळत नाही. मला ते काम नीट जमलं — सुईचं काम म्हणून आयुष्यात तेवढंच नीट जमलं असेल.

मांडवात चुलतसासूबाईंनी विचारलं, हे कुणी भरलं गं? मी मान खाली घालून हसले आणि म्हणाले, मीच. आक्का पलीकडे लाडवांच्या परडीवरची कागदी फुलं सारखी करत होती.

इथेच हे संपलं असतं तर मी आज कदाचित बोललेही नसते. थापा कोण मारत नाही? पण पुढचं सांगायचं आहे.

पंचमीला मी माहेरी गेले, तेव्हा पाथरीचे पाहुणे आक्काला बघायला आले. त्यातली एक बाई माझ्या लग्नाला आलेली. बैठकीत ती म्हणाली, "धाकटीच्या हातात लय कला हाय हो, मी रुखवत बघितलंय. थोरलीला काय येतंय?" आईने माझ्याकडे बघितलं. आईला पानांचं ठाऊक नव्हतं, पण मोर कुणाचा ते ठाऊक होतं. पण सासरी माझी फजिती होईल म्हणून तीही बोलेना. आक्का पदर धरून खाली बघत होती. मी पोह्यांच्या बशा देत होते. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हणाले, "आक्का स्वयंपाक छान करते."

स्थळ जमलं नाही. त्याला दुसरी कारणं असतीलही. ती शोधून मी स्वतःला बरं वाटून घेणार नाही. आक्काचं लग्न झालंच नाही. आणि तिने सुई पुन्हा हातात घेतली नाही. ब्लाउजचं हूकसुद्धा ती भावजयीकडून लावून घेते. माझ्या मोराला मात्र सासऱ्यांनी काच बसवून आणली.

आता माझ्या लेकीचं, ऋतुजाचं, लग्न आहे. तिला रुखवताच्या मधोमध तोच मोर ठेवायचा आहे, खाली पुठ्ठ्यावर लिहायचं आहे — आईची कला. हे ती आक्कासमोर म्हणाली. आक्का त्या दिवशी आमच्याकडे आली होती. ती मोराकडे बघत म्हणाली, "ठिव की. तुझ्या आईच्या हातात हायच कला." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, वरचढ बोलले असते. टोमणा नव्हता म्हणून मला त्या खोलीत उभं राहवेना.

गेल्या आठवड्यात मी सोनपेठची एसटी धरली. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं — पानं मी उसवली, मीच म्हणाले मीच केलं, आणि पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. ती शेंगा फोडतच होती. मग म्हणाली, "मला तवाच दिसलं होतं. मांडवात. म्या आधी कोपराच बघितला." आणखी एक शेंग फोडून तिने विचारलं, "हिरवा दोरा काय केलास?"

मी म्हणाले, चुलीत टाकला.

तिने मान हलवली आणि सूप पुढे ओढलं. मग चहा केला तिने. आम्ही चहा प्यायलो. पुठ्ठ्यावर काय लिहीन ते मी तिला सांगितलं. "तुझ्या सासरची समदी असतील," ती म्हणाली. असतील, मी म्हणाले. तिने नको म्हटलं नाही.

परत येऊन मी चौकट उघडली, काच काढून ठेवली. ऋतुजाने सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. काल म्हणाली, पान परत भरून टाक ना. नाही. त्या कोपऱ्यात आता माझा टाका घालायचा नाही. तो रिकामाच राहील.

पुठ्ठा मी माझ्या हाताने लिहिला आहे. मोराच्या खालीच ठेवणार आहे, वाकून बघावं लागणार नाही असा. त्यावर लिहिलंय — हा मोर नवरीची मावशी विमल हिने स्वतःच्या रुखवतासाठी भरला. उजव्या कोपऱ्यात तिचं लिंबाचं पान होतं. ते नवरीच्या आईने उसवलं.