ढवळू नका सर

चहात साखर टाकायची आणि ढवळायचं नाही, असा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. दोन वर्षं रोज पाहिलाय. जळगावच्या आमच्या कॉलेजात एमएस्सीला केमिस्ट्री शिकवणारे सर. खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्ही त्यांना ‘ढवळू नका सर’च म्हणायचो. कपात दोन चमचे साखर टाकून सर तिच्याकडे बघत बसायचे. मग फिका चहा प्यायचे, आणि तळाशी उरलेली साखर शेवटच्या घोटात चावून खायचे. एकदा मी म्हटलं, सर, साखरेचा आणि तुमच्या विषयाचा काय संबंध? तर म्हणाले, “संबंध नाही. पण सवय मोडायला नको.”

त्यांचा विषय म्हणजे मायक्रोइमल्शन. आता पळू नका, सोप्पंय! तेल आणि पाणी जमत नाही हे सगळ्यांना माहितीय. जोरात घुसळलं की दुधासारखं पांढरं होतं, पण ते तात्पुरतं, थोड्या वेळाने दोघं परत वेगळे. पण साबणाच्या जातीचा योग्य पदार्थ घातला, ज्याचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, आणि जोडीला थोडं अल्कोहोल, तर तेलाचे इतके बारीक थेंब होतात की उजेडाला ते दिसतच नाहीत. सगळं काचेसारखं आरपार. आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. मुख्य म्हणजे ते आपोआप होतं, घुसळावं लागत नाही. सर हे लग्नाच्या भाषेत शिकवायचे. साबणवाला तो मध्यस्थ आणि अल्कोहोल म्हणजे मध्यस्थाचा मेहुणा. “मध्यस्थ ताठ असतो, मेहुणा त्याला वाकवतो. वाकल्याशिवाय एवढ्याशा थेंबाभोवती बसणार कसा?” हे मी पेपरात असंच लिहिलं होतं. मार्कही मिळाले, कारण पेपर त्यांनीच तपासला.

हे वेड कॉलेजबाहेरही सुटायचं नाही. कुणाच्याही लग्नात शेवभाजीच्या पातेल्यावर लाल तेलाचा तवंग दिसला की सर तिथेच उभे. “बघा, विभक्त कुटुंब. मध्यस्थच नाही!” वाढप्याने पळी फिरवायला घेतली की त्याचा हात धरायचे. गर्दी मागे ताटं घेऊन उभी. घरी काकू ताक करायच्या ते स्वयंपाकघराचं दार आतून लावून. औषधाच्या कॅप्सूलपासून कारखान्यात लोखंड कापताना सोडायच्या तेलापर्यंत सगळीकडे मायक्रोइमल्शन आहे, हे त्यांनी आमच्या वॉचमनलाही समजावलं होतं. वॉचमनने तेव्हापासून गेट बदलून घेतलं.

फक्त एका माणसाला ते कधी पटवू शकले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ नाना, सावद्याचे केळीवाले. धाकटा भाऊ जन्मभर रिकाम्या बाटल्यांत रिकामं पाणी भरतो, असं नाना चारचौघांत सांगायचे. सर हसायचे, पण लागायचं त्यांना. म्हणून रिटायर व्हायच्या वर्षी त्यांनी कडुनिंबाच्या तेलाचं मायक्रोइमल्शन केलं, केळीवरच्या मावा किडीसाठी. नानांनी एकदा, फक्त एकदा ते आपल्या बागेत फवारावं, एवढंच त्यांना हवं होतं.

वैशाखात आम्ही चौघं विद्यार्थी सरांबरोबर सावद्याला गेलो. बांधावर नाना आणि शेजारपाजारचे दहा-बारा शेतकरी बसलेले. सरांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाणी घेतलं, त्यात औषध ओतलं आणि हात मागे बांधले. पाणी पाण्यासारखंच. आता तिकडे सगळ्यांचा एकच नियम, औषध बादलीत टाकलं की दुधासारखं व्हायला पाहिजे. जितकं पांढरं तितकं जोरदार. नानांनी बरणी उन्हात धरून पाहिली. “बापू, याच्यात अवषध कुठी हाये? माह्या केयीले पानी पाजाले तू जयगावहून आला?” लोक इतके हसले की एकाचा फेटा सुटला.

सरांनी बरणी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली आणि सगळे जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर काय, औषध पांढरंफेक! अगदी दूध. नाना खूश. “आता झालं. आना रे पंप.”

आणि आम्ही सरांकडे बघतोय. कारण आम्हाला माहिती होतं काय झालं ते. त्या जातीच्या मध्यस्थाला ऊन सोसत नाही. तापलं की त्याचं पाण्याशी बिनसतं आणि सगळं गढूळ होतं. म्हणजे ते बिघडलं होतं. सरांनी नुसती मान हलवली असती तर नानांनी त्याच क्षणी फवारलं असतं, आयुष्याची इच्छा पूर्ण. मी मनात म्हणत होते, सर, गप्प बसा, प्लीज गप्प बसा.

सर म्हणाले, “नाना, हे बिघडलंय. संध्याकाळपर्यंत थांबा.”

नाना चिडले. पांढरं ते बिघडलं आणि पानी ते अवषध, हे कोणतं शिक्षण? एकाने मदत म्हणून बरणीत काठी घातली, ती सरांनी हिसकावून लांब फेकली. मग बरणी केळीच्या गार सावलीत ठेवली आणि सगळे तिच्याभोवती गोल बसले, आजारी माणसाभोवती बसतात तसे. ऊन उतरायला लागलं. कुणी हात लावला नाही, आणि बरणी कडेने निवळत निवळत आरपार झाली. पलीकडून नानांचा डोळा दिसायला लागला, भला मोठा.

नानांनी बरणी उचलली, मळ्यातल्या चुलीजवळ नेली, पांढरी झाली. सावलीत आणली, निवळली. परत चुलीजवळ. आम्हाला वाटलं आता मुक्कामच पडणार.

“बापू, ह्याले आपोआप कयते का?”

“कळत नाही, नाना. जमतं.”

त्या संध्याकाळी नानांनी स्वतः पंप पाठीवर घेतला. मावा बराच गेला. थोडा राहिला. राहिलेला मावा आपल्याच घराण्यातला आहे, असं नाना म्हणायचे.

सर यंदा थंडीत गेले. मी आता धुळ्याला कारखान्यात असते, तिथून दहाव्याला सावद्याला गेले. विधी झाल्यावर अंगणात चहा आला. प्रत्येक कपात तळाशी साखर, आणि चमचा एकाही ट्रेमध्ये नाही. एका पाहुण्याने बोटानेच ढवळायला घेतलं, तर नाना म्हणाले, “ढवयू नका. थांबा जरा.”

पन्नासेक माणसं कप हातात धरून थांबली. चहावर साय आली, गार झाला, साखर काही विरघळली नाही. नानांनी कप तोंडाला लावला तेव्हा सगळ्यांनी लावला. फिका, फिका, फिका. आणि शेवटी अंगणभर साखर चावल्याचा आवाज.