डाव्या बाजूची खोली

जहाजावरच्या नोकरीतून पहिल्या सुट्टीवर घरी आले तेव्हा त्यांनी पांढरी शुभ्र पॅंट घातली होती. कोपऱ्यावरचा न्हावी ती बघून म्हणाला, "आले बघा कप्तान." ते नुसते हसले आणि दाढीला बसले. पॅंट आचाऱ्याची होती. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही सांगितलं. पुढं ते प्रवासी जहाजावर आचारी आहेत हे गल्लीत सगळ्यांना कळलं, तरी नाव काही सुटलं नाही. लागलेल्या दुधासारखं बुडाला धरून बसलं. ते कप्तान झाले आणि बायको आपोआप कप्तानीण.

आता त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात बसायचे आणि कोणी विचारलं की किनारे सांगायचे. कुठल्या खाडीत पाणी हिरवं, कुठल्या बेटावर दीपगृह. ऐकणारे माना डोलवायचे. जग बघितलेला माणूस.

खरी गोष्ट अशी होती की कप्तानांनी जगातलं काहीही बघितलं नव्हतं. भटारखाना डेकच्या खाली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी नाही, झरोका नाही. समोर पत्र्याची भिंत, भिंतीला लागून शेगड्या आणि शेगड्यांभोवती लोखंडी कठडे, भांडी घसरू नयेत म्हणून. बंदर आलं की बाकीचे शहर बघायला जायचे आणि कप्तान धक्क्यावर बटाट्याची पोती मोजून घ्यायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी समुद्र बघितला तो जहाजावर चढताना आणि उतरताना.

बायकोला सुरुवातीला ते पत्रांतून खरंच लिहायचे. आज अमुक सूप केलं, पाव फुगला नाही, मुख्य आचारी ओरडला. तिसऱ्या का चौथ्या पत्राला तिचं उत्तर आलं: "सूप काय केलं ते कळवू नका. बाहेर काय दिसतं ते कळवा. मला इथं बसून फक्त भिंत दिसते."

तेही खोटं नव्हतं. घर दोन खोल्यांचं. कप्तानीण पडदे आणि गणवेश शिवून द्यायची. शिलाई मशीनला जागा एकच, मोरीच्या शेजारी भिंतीला लागून. पायाखाली मशीनचं पायडल, मांडीवर कापड, नाकासमोर भिंत. भिंतीवर लोकांच्या मापांचे खडूचे आकडे. सासूचं आजारपण, लेकीची शाळा, सगळं त्या मशीनवरून उठत-बसत तिनं केलं.

मग कप्तानांनी एक युक्ती केली. वरच्या जेवणघरातला एक वाढपी रोज चहा प्यायला खाली यायचा. त्याला ते विचारायचे, "काय रे, आज काय दिसलं?" तो बोलका होता. सांगायचा, आणि कप्तान ते रात्रीच्या आत कागदावर उतरवायचे. वाढप्याच्या जागी फक्त 'मी' घालायचे. "मी कठड्याला टेकून उभा होतो. उजव्या हाताला लाल कडे, इतके जवळ की हात लावावा. वरून पाण्याची एक धार थेट समुद्रात पडत होती. तू हवी होतीस."

शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

ही सगळी पत्रं कप्तानिणीनं मशीनच्या खणात ठेवली होती. यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि लेक म्हणाली, "आई, तुला बाबांनी बघितलेलं दाखवायचं. आठ दिवस जहाजावर. पैशाचं मी बघते, तुम्ही फक्त कुठली सहल ते ठरवा." कप्तानीण लगेच उठली आणि खणातून पत्रं काढून बसली. "मला ते लाल कडे बघायचेत. बाकी काही नसलं तरी चालेल."

 कप्तान दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडेही गेले नाहीत.

शनिवारी दोघं सहलीच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीला लावलेला. त्यांनी तीन रंगीत पुस्तिका मांडल्या. "ही पहिली घ्या. सगळ्यांत जास्त खपते. आठ दिवसांत सहा बंदरं. मोठं जहाज, अठरा मजले, पोहायचे तीन तलाव."

"बंदरं मोजू नका हो," कप्तान बोलून गेले. "बंदर म्हणजे बटाट्याची पोती. सगळीकडे सारखीच. आणि इतकं मोठं जहाज त्या कड्यांच्या सामुद्रधुनीत शिरणारच नाही. बेटांच्या बाहेरून जाईल, उघड्या समुद्रातून. आठ दिवस ही पाणीच बघत बसायची."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बोटीवर होता काय तुम्ही?"

"सव्वीस वर्षं," कप्तानीण म्हणाली. तिच्या आवाजात जरा तोरा होता.

दुसरी पुस्तिका पुढं आली. जहाज मध्यम होतं, सामुद्रधुनीचं नावही छापलेलं होतं. कप्तानांनी वेळापत्रकावर बोट ठेवलं. "दुपारी चारला सुटतं? मग हे रात्री जाणार तिथून. नावापुरती सामुद्रधुनी. आम्ही झोपलेलो असू तेव्हा कडे निघून जातील."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहीत नाहीत ते. सुटायची वेळ बघून हिशेब करायचा."

तिसरी पुस्तिका सगळ्यांत पातळ होती. जुनं, लहान जहाज, रात्री उशिरा सुटणारं, बंदरं फक्त तीन. दुसऱ्या दिवसापुढं एवढंच छापलं होतं: 'दिवस समुद्रावर.' बाई म्हणाल्या, "ही कोणी घेत नाही. लोकांना वाटतं, समुद्रावर दिवस म्हणजे फुकट गेला."

"हीच ती," कप्तान म्हणाले. "रात्रभर हलेल. नाश्त्याला पाणी शांत होईल, म्हणजे बेटांच्या आत शिरलो. दुपारच्या जेवणाचा भात उपसेपर्यंत शांत राहील. तेवढ्यातच सगळं बघायचं."

कप्तानीण नवऱ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा बघितली नसेल. बाईंनी अर्ज काढला. "खोली कुठल्या बाजूची देऊ? डावी की उजवी? सज्जा एकाच बाजूला असतो, आणि एकदा नोंद झाली की बदलून मिळत नाही."

"उजवी," कप्तानीण म्हणाली. पिशवीतून पत्र काढून तिनं टेबलावर उलगडलं. "हे बघा. उजव्या हाताला लाल कडे."

बाईंचं पेन कागदावर टेकलं.

 कप्तानांना सगळं स्वच्छ आठवलं. त्या शांत पाण्यात, नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये कधीतरी, मोठ्या पातेल्यातलं सूप बोटभर एका बाजूला चढायचं. मुख्य आचारी म्हणायचा, "वरची जनता कठड्याला धावली. आले कडे." कप्तानांचं तोंड जहाजाच्या नाकाकडे असायचं आणि सूप चढायचं ते डावीकडे. दर फेरीला डावीकडे. वाढपी मात्र उजवीकडे म्हणायचा, आणि डोळ्यांनी बघणारा तो होता. पातेल्याचा शब्द कोण धरणार? कड्यांच्या पहिल्या पत्रात उजवा हात लिहिला आणि पुढं तोच ओढत नेला.

गप्प राहिलं तर नाव शाबूत राहणार होतं. पण ती उजव्या सज्जात बसून सबंध सकाळ पलीकडचं रिकामं पाणी बघणार होती.

"डावी घ्या," ते म्हणाले.

"अहो, पत्रात उजवी आहे."

"चुकून लिहिलं असेल."

"एकदा चुकेल. चार पत्रांत उजवी आहे. एकात तर तुम्ही उजव्या कठड्याला टेकून उभे आहात. खडक काय जागा बदलतात?"

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. नवरा-बायकोची भांडणं त्यांनी या टेबलावर पुष्कळ बघितली असावीत.

"मी टेकलो नव्हतो," कप्तान म्हणाले.

"म्हणजे?"

"कठडा मी बघितलेलाच नाही. आम्ही खाली होतो. तीन मजले खाली. खिडकी नव्हती. वाढपी येऊन सांगायचा ते मी लिहायचो. कडे नाही, धार नाही, मी काहीच बघितलं नाही." ते टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होते. "पण सूप डावीकडे चढायचं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सव्वीस वर्षं. लोक डावीकडे धावले तरच सूप डावीकडे चढतं."

 कप्तानिणीनं पत्राची घडी घातली. मग तिनं विचारलं, "समोर काय होतं तुमच्या?"

"भिंत. पत्र्याची."

"सव्वीस वर्षं?"

"हं."

तिचे खांदे हलायला लागले. कप्तानांना वाटलं, आता रडते. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, मी त्या मशीनवर बसून तुमच्या नावानं किती बोटं मोडली असतील. म्हटलं, हा माणूस तिकडं कठड्याला टेकून मजेत जग बघतोय आणि मी इथं भिंतीला नाक लावून बसलेय. वर लिहितोय, तू हवी होतीस. एकदा तर पत्र चुलीत घालणार होते."

"मग घातलं नाहीस?"

"कडे चांगले लिहिले होते."

"ते वाढप्याचे," कप्तान म्हणाले.

"आणि 'तू हवी होतीस', तेही वाढप्याचं का?"

"नाही. ते माझं."

बाईंनी खाली मान घालून अर्जावर 'डावी' असं लिहिलं. मग जणू स्वतःशीच म्हणाल्या, "तुमचा वाढपी सकाळी नाश्त्याची टेबलं आवरत असणार. त्याला बघायला सवड मिळत असेल ती परतीच्या फेरीत, दुपारी, तुमची पातेली रिकामी असताना. येताना तेच कडे उजवीकडे."

कप्तानांचा जीव भांड्यात पडला. सगळाच पडला. घरी येताना त्यांनी न्हाव्याच्या दुकानात डोकावलं. न्हावी म्हणाला, "काय कप्तान, ठरली का सहल?" ते म्हणाले, "ठरली. आणि मी आचारी होतो रे, कप्तान नव्हे. बाहेरचं काही बघितलेलं नाही." न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "मग आता बघून या, आणि येऊन नीट सांगा. जुने किनारे आम्हाला पाठ झालेत."

सहलीच्या पहिल्या रात्री जहाज चांगलंच हललं. कप्तान एकदा उठले आणि सवयीनं टेबलावरचा तांब्या कोपऱ्यात अडकवून ठेवला. सकाळी चहा आला. दोघं डाव्या सज्जात दोन खुर्च्यांवर बसली. कप्तानीण बाहेर बघत होती. कप्तान मांडीवरच्या कपात बघत होते.

कपातला चहा हिंदकळत होता. मग हळूहळू हिंदकळणं कमी झालं. मग थांबलं.

"शिरलो आत," ते म्हणाले.

थोड्या वेळानं वरच्या डेकवर पावलांची धावपळ ऐकू आली. शेजारच्या सज्जांत माणसं बाहेर आली. कपातला चहा अगदी थोडासा, केसभर, सज्जाच्या कठड्याकडच्या बाजूला चढला. कप्तानांनी कप आणखी जवळ धरला. डावीच. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की चहावर लाट उठली.

कप्तानिणीनं त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि आपल्या खुर्चीखाली ठेवला.

"झालं सूप बघून," ती म्हणाली. "आता वर बघा."