उंदरांच्या पिंजऱ्यावरचा फोन

भुताटकीच्या असल्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. माझं कामच मोजमापाचं — बेळगावातल्या एका कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये मी टेक्निशियन आहे. प्रयोगाचे उंदीर सांभाळायचे, वेळ आली की त्यांचं रक्त काढून द्यायचं. आम्ही निपाणीकडचे जैन. आप्पांना, म्हणजे वडिलांना, मी 'कॉलेजात नोकरीला' एवढंच सांगितलंय... पुढचं सांगायचं धाडस आजवर झालं नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे अर्चना मॅडमचा पीएच.डी.चा प्रयोग चालू होता — मोबाईलच्या रेडिएशननं रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल बदलतं का? दोन पिंजरे, प्रत्येकात सहा पांढरे उंदीर. एका पिंजऱ्यावर मोबाईल ठेवलेला, दुसरा पिंजरा तुलनेसाठी लांब, फोनविना. जोडीचा मोबाईल माझ्याकडे. रोज सकाळी दहाला मी फोन लावायचा, पिंजऱ्यावरचा आपोआप उचलला जायचा. कॉल अर्धा तास चालू ठेवायचा आणि रजिस्टरात सही करायची.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व लागलं. मनात आलं, निदान हे दहा दिवस तरी माझ्या हातून या जिवांना त्रास नको. मॅडम तेवढे दिवस धारवाडला गेल्या होत्या. मी माझ्याकडचा फोन बंद केला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि रजिस्टरात खोटी सही ठोकली.

दहा वाजले, आणि झाडलोट करणाऱ्या शेवंताक्का ओरडल्या, "अण्णा, उंदरास्नी फोन आलाय बघा! कुणाचं लगीन ठरलं काय?"

"चेष्टा पुरे करा आक्का."

"चेष्टा न्हाय वो! उजेड पडलाय, आकडं पळाय लागल्यात!"

धावत गेलो. खरंच! कॉल चालू होता, सेकंद पुढे सरकत होते... आणि नंबर? माझ्या कपाटातल्या फोनचा! कुलूप काढलं. आत फोन बंदच. स्क्रीन काळीठिक्कर.

पिंजऱ्यावरचा फोन कानाला लावला. भाताच्या तुसावरून उंदीर फिरतात ना, तशी खसफस ऐकू येत होती. आणि माझ्यासमोरचे सहाही उंदीर दगडासारखे बसलेले. एकाची मिशीसुद्धा हलत नव्हती!

"ठेवा ते खाली," आक्का दारापर्यंत मागे सरकल्या. "उद्यापास्नं ही खोली तुमची तुम्हीच झाडा."

दुसऱ्या दिवशी बंद फोन मुठीत धरूनच उभा राहिलो. दहाला पिंजऱ्यावर पुन्हा उजेड! अंगावर काटा आला आणि — लपवून काय करू — मला लई आनंद झाला. कुणी पाहिलं नसेल ते मी पाहत होतो! खरं तर पिंजऱ्यावरचा फोन बंद करायला एक बटण पुरे होतं. ते मी दाबलं नाही. दहाही दिवस नाही. ज्या जिवांसाठी हे सगळं केलं, त्यांच्याच डोक्यावर तो कॉल रोज अर्धा तास चालू दिला... आणि रात्री झोपताना उद्याचे दहा कधी वाजतील याची वाट बघत राहिलो.

पर्व संपलं. क्षमावणीच्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. त्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही फोन शेजारी ठेवून तपासले. पिंजऱ्यावरच्या फोनवर दहा दिवसांचे दहा कॉल, प्रत्येक अर्ध्या तासाचा. माझ्याकडच्यावर एकही नाही.

"अण्णा, मग मी काय लिहू? रेडिएशन दिलं की नाही दिलं?"

"मलाच ठाऊक नाही, मॅडम."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हे उंदीर बाद. नवीन बॅच मागवा."

बाद झालेले बाराही उंदीर नियमाप्रमाणे संपवावे लागले. ते मीच केलं. मग नवे बारा आले. त्यांना मी रोज दहाला न चुकता फोन लावला, काहीही विचित्र घडलं नाही. शेवटी त्यांचं रक्त काढून दिलं.

मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारलं, कंपनीत विचारलं. बंद फोनवरून कॉल जाऊच शकत नाही म्हणतात. मग ते दहा कॉल कुणी लावले, मला आजही माहीत नाही. मी खरं बोललो नसतो, तर दुसरे बारा आलेच नसते... एवढं मात्र माहीत आहे.