दोन लाल कडा

मशीन बंद पडलं त्या दिवशी पहिला हात माझाच लागला होता. ते मी कधी नाकारलं नाही. सकाळच्या बॅचच्या आधी येऊन शटर उघडायचं, झाडून घ्यायचं आणि सहाही कॉम्प्युटर चालू करून ठेवायचे, हे माझंच काम होतं. मग पहिला हात माझा नाही लागणार तर कुणाचा लागणार?

दोन हजार सालानंतरची, दोन-तीन वर्षांतली गोष्ट. वारूळवाडीत एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथं शिकवायला होते. पेठहून रोज एसटीने यायचे. क्लास ज्यांचा, ते सर मोठ्या बागायतदाराच्या घरातले. मुलांसमोर अगदी पुण्याची भाषा बोलायचे आणि फोनवर भावाशी बोलताना ‘व्हतं’, ‘न्हाई’वर यायचे. माणूस वाईट नव्हता. नोकरी त्यांनीच दिली, आणि कधी आवाज चढवून बोलले नाहीत. हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच बाजूने बोलते. फक्त एक होतं. मी वर्ड शिकवायचं, टायपिंग शिकवायचं, पण स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही. मशीन बिघडलं की पुण्याहून माणूस यायचा. तो आला की मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायचे आणि प्रश्न विचारून त्याचं डोकं खायचे. कंटाळून का होईना, तो उत्तरं द्यायचा.

दसऱ्याला सरांच्या घरची एक पद्धत होती. पूजा इंजिनाची करायची, पत्र्याची नाही. त्यांचे वडील ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून थेट इंजिनाला हळदकुंकू लावायचे. तोच नियम सरांनी क्लासला लावला. दारापाशी एक नंबरचं मशीन होतं, सगळ्यांच्या वतीने त्याच्या सीपीयूचं झाकण काढायचं, ब्रशने धूळ झाडायची, आणि मग सरांच्या आई ताट घेऊन आतल्या भागांची पूजा करायच्या. मी मात्र दसऱ्याला क्लासवर नसायचे. आजोबांनी छप्पननंतर धम्म स्वीकारला तेव्हापासून आमचा दसरा विहारात. पांढरी साडी, वंदना, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण. रजेचा अर्ज मी आठ दिवस आधी लिहून दिला होता आणि सरांनी त्यावर सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं आणि एक नंबरच्या पडद्यावर विंडोज काही येईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की डिस्क सापडत नाही. आणि मुलांच्या परीक्षेचे सगळे फॉर्म नेमके त्याच मशीनमध्ये. सर आले, त्यांनी दोनदा बंद करून चालू केलं, पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्याने तिकडूनच निदान केलं. हार्ड डिस्क गेली, उद्या दुपारी नवी घेऊन येतो. फॉर्मचं काय, तर पुन्हा भरा. सरांनी फोन ठेवला आणि बॅचकडे वळून म्हणाले, “काल पूजा केली तोवर मशीन चांगलं होतं. आज हिचा हात लागला आणि बंद पडलं.”

दोन-तीन मुलं हसली.

सर सहज बोलले असतील. मनात काही नसेलही. पण हे वाक्य आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजोबांनी ते विहिरीवर ऐकलं होतं, आत्याने शाळेतल्या माठापाशी. मी ते कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये, अंगावर इस्त्रीचा ड्रेस आणि हातात हजेरीचं पुस्तक असताना ऐकलं. माझं असं डोकं फिरलं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. रडले नाही. मुलांना म्हटलं, वर्ड उघडा, परिच्छेद टाइप करा. आणि त्याच क्षणी ठरवलं, मशीनचं नंतर बघू, आधी हे वाक्य ज्याचं त्याला परत करायचं.

दुपारी सर टोमॅटोच्या गाडीबरोबर बाजारात गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि मशीनसमोर बसले. आधी न उघडता बघितलं. चालू होतानाच डिलीटचं बटण दाबून सेटअपमध्ये गेले. डिस्क कुठे कुठे जोडली आहे ते तिथं दिसतं. चार जागा होत्या आणि चारही रिकाम्या दाखवत होत्या. पण सीपीयूवरचा डिस्कचा लाल दिवा सारखा पेटलेला. एरवी तो लुकलुकतो. मेलेल्या डिस्कचा दिवा असा कशाला पेटून राहील, हे काही मला पटेना.

मग स्क्रू-ड्रायव्हर घेतला. हो, घेतला. झाकण काढल्याबरोबर कुंकवाचा वास आला, पंख्याजवळ झेंडूची पाकळी होती. डिस्कवर हात ठेवला तर आत फिरत असल्याचं हाताला कळत होतं. म्हणजे वीज मिळत होती. मशीन बंद करून मी ती डिस्क काढली आणि शेजारच्या दोन नंबरच्या मशीनला, तिथल्या केबलने जोडली. पहिल्या फटक्यात सापडली. फॉर्म जिथल्या तिथं, एकही गेला नव्हता. आता दोष राहिला एक नंबरच्या केबलचा नाहीतर मदरबोर्डचा.

दोन्ही केबल शेजारी धरल्या आणि मला हसूच फुटलं. त्या वेळी डिस्क मदरबोर्डला जोडायला राखाडी रंगाची चपटी केबल असायची, हातभर लांब पट्टीसारखी. तिची एक कडा लाल असते. ती लाल कडा डिस्कला वीज येते त्या बाजूला ठेवायची, एवढंच लक्षात ठेवायचं. चांगल्या केबलला खाच असते, ती उलटी बसतच नाही. ही स्वस्तातली, बिनखाचेची. दोन नंबरच्या केबलला एक लाल कडा होती. एक नंबरच्या केबलला दोन. काल काय झालं असणार ते कळलंच. सर धूळ झाडायला केबल डिस्कवरून काढणार, सरांच्या आई ओल्या कुंकवाची बोटं तिच्यावर ओढणार, एक बोट बरोबर दुसऱ्या कडेवरून जाणार, आणि पूजा झाल्यावर सर लाल कडा बघून केबल पुन्हा बसवणार. उलटी.

एका मिनिटाचं काम होतं. केबल फिरवली असती तर तिथंच मिटलं असतं. मी नाही फिरवली. डिस्क परत जागेवर ठेवली, केबल होती तशी उलटी बसवली, झाकण लावलं. कारण ते वाक्य ज्यांनी ऐकलं होतं ती मुलं सकाळच्या बॅचची होती. दुपारी गुपचूप दुरुस्त करून ठेवायला मी काही चोरी केली नव्हती.

घरी आले ते फणफणतच. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. दादा साखर कारखान्यात फिटर होते. मला वाटलं, म्हणतील नोकरी सोड, नाहीतर म्हणतील गप बस. आईने गप बसायलाच सांगितलं. दादांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग फिटरासारखं विचारलं, दोन्ही कडा लाल आहेत तर खरी कुठली ते कसं ओळखायचं? मी म्हटलं, कुंकू आहे, ओल्या फडक्याने पुसलं जाईल, छापलेला रंग राहील.

“मग पुसू नको,” दादा म्हणाले आणि जेवायला लागले.

सकाळी बॅच भरली. सर आले. पुण्याचा माणूस दुपारी यायचा होता. मी सरांना म्हटलं, मला पाच मिनिटं द्या, आणि त्यांनी हो-नाही करायच्या आत झाकण काढलं. मुलं बाकं सोडून भोवती जमली. केबल काढली, फिरवली, बसवली, मशीन चालू केलं. विंडोज आलं. फॉर्म उघडून दाखवले. केबल उलटी बसली होती, एवढंच सांगितलं.

सर मोकळं हसले. “एवढंच होतं होय? हे तर कुणीही केलं असतं.”

मी मशीन रीतसर बंद केलं, केबल डिस्कवरून ओढून काढली आणि तिचं मोकळं टोक सरांच्या हातात दिलं. म्हटलं, “मग करा.”

सरांनी केबल इकडून बघितली, तिकडून बघितली. लाल कडा शोधायची हे त्यांना माहीत होतं. दोन सापडल्या तेव्हा त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मी बघितलंच नाही असं केलं. मग जी जास्त लाल दिसली ती त्यांनी विजेच्या बाजूला धरली आणि केबल दाबून बसवली. कुंकू छापील रंगापेक्षा कधीही गडदच. मी बटण दाबलं. काळा पडदा, तीच इंग्रजी ओळ, आणि लाल दिवा पेटून राहिलेला.

भीती होतीच, खोटं कशाला सांगू. ही नोकरी गेली असती तर दुसरी पुण्यातच शोधावी लागली असती. तरी विचारलं.

“आता कुणाचा हात लागला, सर?”

त्यांचा चेहरा उतरला. काल काय बोललो ते त्यांना तेव्हा आठवलं, ते आठवताना मला दिसलं. त्यांनी केबलवरून अंगठा फिरवला, अंगठ्याला कुंकू आलं, आणि ते त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“माझा,” ते म्हणाले. “हिचा काय संबंध न्हाई. माझा हात लागला व्हता.”

फार हळू म्हणाले. मी म्हटलं, मागच्या मुलांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.